धाकटीचं वाक्य

"बाबा, ते वाक्य तू चोरलंस का?"

रविवारी दुपारी जेवता जेवता लवंगीने हे विचारलं, तेव्हा बाबाच्या हातातला पावाचा तुकडा सूपच्या दिशेने निघाला होता. तो वाटेतच थांबला. आजोबांनी कान पुढे केला. आईचं जेवण आटोपलं होतं आणि ती खुर्ची खिडकीकडे ओढून शिवत बसली होती; तिची सुई थांबली. एक आत्या तेवढी खाली मान घालून वाटाणे चमच्यात गोळा करत राहिली.

प्रश्न खरं तर लवंगीचा नव्हताच. शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर तिच्या दोन मैत्रिणींच्या वादातून तो तिच्या गळ्यात पडला होता. एक जिराफ, म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, आणि दुसरी बेकरीवाल्यांची. जिराफचं म्हणणं असं की साडेसातची मालिका लवंगीच्या बाबाने लिहिलेली आहे हे न सांगता कळतं, कारण त्यात प्रत्येक माणूस धाप लागेपर्यंत बोलतो. "माझ्या काळजाच्या कोपऱ्यात जपून ठेवलेल्या त्या आठवणींना" इथवर एकजण येतो, मग जाहिराती लागतात, त्या संपल्या की तो उरलेलं बोलतो. आणि अशा मालिकेत सासर सोडून आलेली धाकटी सून माहेरच्या दारात उभी राहते आणि एवढंच म्हणते, "मला वाढू नका. मला नुसतं बसू द्या." सात शब्द. काळीज नाही, आठवणी नाहीत, नियती तर औषधालाही नाही.

"हे तुझ्या बाबाचं नाही," जिराफ म्हणाली होती. "लाव पैज. आहे का विचारायची हिंमत?"

लवंगीला कोणी हिंमत विचारली की विषय संपला. हे तिचं खरं नाव नव्हे. पण एवढासा जीव आणि एवढा मोठा आवाज असल्यावर घरात दुसरं काय म्हणणार? शाळेत मात्र गेल्या वर्षापर्यंत ती भिजलेली लवंगी होती. हजेरीला "हजर" म्हणायचं तरी कानाच्या पाळ्या लाल. मग स्नेहसंमेलनाच्या नाटकात न्यायाधीश होणारी मुलगी गोवराने आडवी झाली, लवंगीला तो काळा झगा चढवण्यात आला, आणि तिने टेबलावर हातोडा असा काही आपटला की मुख्याध्यापकसुद्धा गप्प झाले. त्या दिवसापासून तिला गप्प करणं शाळेला जमलेलं नाही.

आणि आता तर उद्या, सोमवारी, तिचं शूटिंग होतं. खऱ्या मालिकेत. धाकटीला एक मुलगी आहे हे बाबाने पहिल्या भागात लिहिलं होतं आणि मग तो ते साफ विसरला होता. बिचारी सव्वातीनशे भाग वसतिगृहात पडून होती. आता तिला बाहेर काढायचं ठरलं, आणि ते काम लवंगीला मिळालं. वर्गातल्या बेचाळीस मुलींना तिने स्वतः जाऊन तारीख सांगितली होती. आपलं वाक्य तिने न्हाणीघरात बादलीपुढे इतक्या वेळा म्हटलं होतं, की आजोबांच्या मते बादलीला एव्हाना पाझर फुटायला हवा होता.

तर प्रश्न विचारून झाला आणि कोणी हसलं नाही. लवंगीला वाटलं, कोणतं वाक्य ते यांना कळलं नसावं. म्हणून ती उठली, दाराच्या चौकटीला एक हात लावला आणि मालिकेतल्या धाकटीसारखी मान किंचित कलती करून म्हणाली, "मला वाढू नका. मला नुसतं बसू द्या."

"चोरलं काय म्हणतेस," बाबाला आता आवाज सापडला. "लेखक ऐकतो. गाडीत, दुकानात, दवाखान्यात. कानावर पडतं ते घेतो. नाटकवाल्यांनी माणसांकडून नाही घ्यायचं तर कुठून घ्यायचं?"

"म्हणजे कोणाचं तरी आहे."

"अगं, सगळंच कोणाचं तरी असतं."

"कोणाचं?"

बाबा पाण्याचा जग उगाच इकडचा तिकडे करायला लागला. तेव्हा आत्याने चमचा खाली ठेवला. आत्या म्हणजे बाबाची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि गेले आठ महिने याच घरात, मागच्या खोलीत राहायची. ती सासर सोडून आली होती. पण घरात त्याला "आत्या सध्या इकडे आहे" असं म्हणायची पद्धत पडली होती.

"चोरलं नाही गं त्याने," आत्या म्हणाली. "माझ्या तोंडून पडलं, त्याने उचललं."

आणि लवंगीला ती दुपार आठवली. तीही रविवारचीच.

या घरात दर रविवारी जेवणं झाली की ताटं एका बाजूला सरतात आणि घरवाचन होतं. आजोबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते तेव्हापासूनची ही रीत. चाळीस वर्षं ते विंगेत उभं राहून अडलेल्या नटांना पुढचं वाक्य पुरवत आले. बाबाने लिहायला घेतल्यावर येत्या आठवड्याचे भाग याच टेबलावर मोठ्याने वाचले जाऊ लागले. ज्याला जे मिळेल ते त्याने वाचायचं. आई एका दमात तीन सासवा करते. आजोबा एकही पात्र घेत नाहीत. ते डोळे मिटून बसतात, आणि कोणी तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहिलं की पुढचं वाक्य देतात. कागद समोर असला तरी देतात. बाबाने परवा मीठ मागताना नुसतं "जरा ते" म्हटलं, तरी त्यांनी "मीठ दे" असं पुरवलं होतं.

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी असंच वाचन रंगलं होतं. दार उघडंच होतं. दारात आत्या येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला वाढू नका, मला नुसतं बसू द्या. आता दुसऱ्या कोणत्याही घरात माणसं ताडकन उठली असती. या घरात आजोबांनी डोळे न उघडता पुढचं वाक्य दिलं, "ये पोरी, दार तुझंच आहे." आईने सासूच्या आवाजात काहीतरी ठेवून दिलं. बाबाने कानामागची पेन्सिल काढून कागदाच्या समासात घाईघाईने लिहून घेतलं. सगळ्यांना वाटलं, नाटकवाल्यांची लेक आहे, येता येताच वाचनात शिरली. पाव तास तसाच गेला. आई पाणी आणायला उठली, तिचा पाय दारातल्या मोठ्या बॅगेत अडकला, आणि मग कुठे सगळ्यांना कळलं.

लवंगीला सगळ्यात स्पष्ट आठवली ती तिची स्वतःची टाळी. तिने टाळ्या वाजवल्या होत्या. "भारी, आत्या," असंही म्हणाली होती. बॅग सापडल्यावर घरात जी धावपळ झाली तिच्यात ते सात शब्द ती विसरून गेली होती. आणि पुढे मालिकेत ऐकले तेव्हा बाबाचे म्हणूनच ऐकले. तिच्या कानाच्या पाळ्या पुष्कळ महिन्यांनी पुन्हा लाल झाल्या.

बाबा उठून आतल्या खोलीत गेला आणि एक फुगलेली फाइल घेऊन आला. तो भांडायला नव्हता आला, हे लवंगीला त्याच्या चालण्यावरूनच दिसलं. शाळेतून आपण प्रगतिपुस्तक घेऊन येतो तसा तो आला होता. फाइलमध्ये पत्रं होती. बसच्या तिकीट खिडकीवर काम करणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं की, सहा वर्षांत घरी जे बोलता आलं नाही ते तिने त्या रात्री धाकटीच्या शब्दांत सांगितलं, आणि सासरे टीव्ही बंद करून पहिल्यांदा तिच्याकडे वळून बसले. एका निवृत्त शिंप्याने लिहिलं होतं की त्याला त्याच्या मुलीची आठवण झाली. तिला त्याने दारातून परत पाठवलं होतं. अशी ऐंशीच्या वर पत्रं होती.

"आमच्या कँटीनमध्ये ते वाक्य विनोदाला वापरतात," लवंगीने सांगितलं. तिला लपवता येत नाही. "रांगेत कोणी घुसलं की सगळ्या मुली मिळून म्हणतात, मला वाढू नका. कपांवरसुद्धा छापून आलंय."

"कप मी पाहिलाय," आत्या म्हणाली. "आमच्या दुकानातल्या मुलीने आणलाय. तिला माहीत नाही. मला रोज त्यातून चहा देते."

आता आई मध्ये पडली. मालिकेचा कपडेपट तिच्याकडे असायचा, आणि आत्ताही ती उद्याच्या शूटिंगसाठी लवंगीचा निळा गणवेश आखूड करत होती. ती मुळात बाबाच्या बाजूची. दोघांचं पोट एकाच मालिकेवर, त्यामुळे मालिकेला कोणी नावं ठेवली की आई आधी उत्तर द्यायची. तिने दिलंही. म्हणाली, त्या पत्रांतल्या बायकांचं भलं झालं, ते मोठं की कपावर छापलं हे मोठं? आत्याने मान हलवली. भलं झालं हे खरंच, असं तीही म्हणाली. लवंगीला तेवढ्यात बेकरीवाल्या काकू आठवल्या, आणि मैत्रिणीने जिन्यावर सांगितलेली गोष्ट तिने जशीच्या तशी टेबलावर मांडली.

काकू पहाटे पाचपासून काउंटरमागे उभ्या असतात. स्टूल एकच, ते काकांचं. त्या भागाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी ते स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि धाकटीचं वाक्य म्हणाल्या. काकांना वाटलं ही नक्कल करतेय, ते हसले. दोन गिऱ्हाइकंही हसली. काकू उठल्या नाहीत. थोड्या वेळाने काकांनी स्वतःच पाव बांधायला घेतले. आता रोज साडेसातला अर्धं शटर खाली येतं आणि काकू स्टुलावर बसून मालिका बघतात. म्हणूनच बेकरीवाल्यांची मुलगी पैजेत जिराफच्या बाजूला गेली नव्हती. तिचं म्हणणं होतं, चोरलेलं असलं तरी असू दे.

हे ऐकताना आत्याचा चेहरा असा झाला, की लवंगीला आधी वाटलं ती रडणार. ती हसली.

"बघ दादा," ती बाबाला म्हणाली, "त्या बेकरीवालीला कळलं. तुला नाही कळलं."

"काय नाही कळलं?"

"तुझी धाकटी ते वाक्य उभी राहून म्हणते."

बाबाला अजूनही उमगलं नाही. तो म्हणाला, त्याने ते फार विचार करून बसवलंय. ती खिडकीशी जाते, बाहेर अंधार, मागे व्हायोलिन. बसणं म्हणजे मनाचं बसणं. वादळानंतर मन खाली बसतं, तसं.

"मनाचं नाही रे," आत्या म्हणाली. "खुर्चीवरचं."

मग तिने सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच सांगितलं, आणि तेही वाटाण्यांकडे बघत. सासरी तिला कोणी मारलं नाही, कोणी उपाशी ठेवलं नाही. उलट ताट भरून वाढायचे, आणि ते उभ्यानेच खायचं, कारण बसलं की कोणाला तरी काहीतरी हवं असायचं. पाणी हवं, चार्जर सापडत नाही, दारात कोण आलंय बघ. दुकानात नऊ तास उभं, घरी आल्यावर उरलेले तास उभं. ती पलंगाच्या कडेला टेकली की सासूबाई शेजारच्या खोलीतून हाक मारायच्या. त्यांना पलंगाची करकर बरोबर ऐकू यायची. हे कोणाला सांगायचं तर सांगणार काय? मला बसू देत नाहीत? लोक म्हणतील, एवढंच? म्हणून नऊ वर्षं तिनेच स्वतःला "एवढंच" म्हटलं.

आजोबांनी घसा साफ केला. लवंगीला माहीत होतं आता काय येणार, कारण आजोबा आठ महिने तेच म्हणत होते. माणसं वाईट नाहीत, सवय वाईट आहे. सवयी सुटतात. परवा सासूबाईंचा फोन आला होता तोही आजोबांनीच घेतला होता, आणि मग आत्याला दिला होता. सासूबाईंनी कुठेतरी वाचलं होतं की साडेसातच्या मालिकेत धाकटी या आठवड्यात सासरी परतणार. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, बघ, टीव्हीतलीसुद्धा निघाली, तू कधी येतेस?

"मग तू काय म्हणालीस?" लवंगीने विचारलं.

"रविवारी सांगते म्हटलं."

म्हणजे आज. या वेळी आई नणंदेच्या बाजूला सरकली. नुसती मनाने नव्हे. तिने खुर्चीच उचलून आत्याजवळ नेली. म्हणाली, "अहो, मग धाकटीला परत पाठवूच नका."

बाबाने कपाळाला हात लावला. त्याला का पाठवायची हौस होती? बघणारे कमी होत होते. वाहिनीने लोकांना विचारलं, तर दहातल्या सात जणांना घर जुळलेलं हवं होतं. भाग मंजूर होऊन आला होता. बाबाने नकार दिला असता तर दुसऱ्याने लिहिला असता, आणि त्या दुसऱ्याने सासूला देवीच करून टाकलं असतं.

"याचं सगळं आयुष्य वाहिनीचं ऐकावं की वहिनीचं, यातच चाललंय," आजोबा म्हणाले, आणि नको त्या वेळी आत्यासकट सगळ्यांना हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर बाबाने कागद काढले आणि एक प्रत नेहमीसारखी आजोबांपुढे ठेवली. कदाचित दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसेल. या घरात पेच पडला की वाचायला बसतात. उद्याचा प्रसंग होता: मुलगी वसतिगृहातून येते, आईला घरी चल म्हणते, आई निघते. मुलगी लवंगी वाचणार. धाकटी नेहमी आई वाचायची, पण आईच्या तोंडात आता टाचण्या होत्या.

"द्या इकडे," आत्या म्हणाली. "मी वाचते."

आठ महिन्यांत ती वाचनाला एकदाही बसली नव्हती. ताटं उचलून मोरीकडे जायची. बाबा नको म्हणायच्या आत तिने कागद ओढून घेतले, आणि वाचायला लागली. ती फार छान वाचत होती असं नाही. चष्म्याचा नंबर सांगावा तशी वाचत होती. पोरी, कशी आहेस, जेवलीस का, केस का एवढे कापलेस. लवंगी आपली वाक्यं पाठ म्हणत होती. तिला कागद लागत नव्हता. आणि मग तिचं ते वाक्य आलं.

बादलीपुढे ते चाळीस वेळा म्हटलं होतं. पण बादलीला डोळे नव्हते. समोर आत्या होती. लवंगीचा आवाज आपोआप खाली आला, तो कुठून आला ते तिचं तिलाही कळलं नाही. "आई, घरी चल ना. तू नाहीस तर मी शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार?"

आणि आत्या खुर्चीतून अर्धी उठली.

खरंच उठली. कागद एका हातात, दुसरा हात टेबलाच्या कडेवर, गुडघे वाकलेले, नऊ वर्षं हाक आली की उठत होती तशी. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. लवंगीच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. एक अशी की, जमलं, मला जमलं, माझ्या एका वाक्याने माणूस उठतो. आणि दुसरी अशी की तिला पळून जावंसं वाटलं.

धाकटीचं पुढचं वाक्य एका शब्दाचं होतं. "येते." आत्याने कागदाकडे पाहिलं. ओठ हलले. एक, दोन, तीन. लवंगीची नजर आजोबांकडे गेली. नुसती तिचीच नाही, सगळ्यांचीच गेली. आजोबांनी डोळे उघडले होते. समोरच्या कागदावर त्यांचं बोट त्या शब्दाखाली टेकलेलं होतं. चार. पाच. चाळीस वर्षांत ज्या माणसाने रंगमंचावरच्या कोणाला अडकू दिलं नाही, त्याने बोट उचललं, कागद उलटा केला आणि तो गप्प बसून राहिला.

आत्या पुन्हा खाली बसली. नीट, पाठ टेकून बसली.

"मला हे म्हणता येत नाही," ती म्हणाली. आवाजात काही चढउतार नव्हता. "काल रात्रभर वाटत होतं म्हणता येईल. वाचायला घेतल्यावर कळलं."

मग तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. संध्याकाळी सासूबाईंना फोन करून परत येत नाही म्हणून कळवणार. दुकानाच्या मागच्या रस्त्याला एक खोली आहे, ती बघणार. आजोबा हळू आवाजात म्हणाले, खोली कशाला, आहे ती काय वाईट आहे? आत्या म्हणाली, वाईट नाही, पण इथे मी सध्या आहे, तिथे मी राहीन. आजोबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. परत जा हे ते आठ महिने म्हणत होते, आणि ते आज संपलं हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

बाबा कागदांच्या कडा जुळवत बसला होता. "मी तुला विचारायला हवं होतं," तो आत्याला म्हणाला.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. मग ती तिकीटवाली अजून गप्पच असती." आत्याने खांदे उडवले. "म्हणून मला तुझ्यावर धड चिडताही येत नाही. पण पुढच्या वेळी आधी बॅग बघ, मग पेन्सिल काढ."

बाबा हसलाही आणि त्याने डोळेही पुसले. उद्याचा भाग आता थांबवता येणार नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. निदान सासूचं चार पानी भाषण कापतो. आत्या म्हणाली, काप नाहीतर ठेव, तुझी धाकटी गेली तरी मी जात नाही. आणि लवंगीकडे वळून म्हणाली, "तू मात्र मन लावून कर हं उद्या. काय म्हणालीस गं ते. मी उठलेच."

ती मनापासून म्हणाली होती. लवंगीला दुसऱ्या कोणत्याही दिवशी याहून मोठी शाबासकी मिळाली नसती.

आईने गणवेश झटकला आणि लवंगीला उभं करून अंगावर चढवला. खांदा अजून सैल होता. आई एकेक टाचणी लावत होती, बाबा लाल पेनाने भाषण कापत होता, आत्या ताटं गोळा करायला उठली तर आजोबांनी तिला बसवलं आणि स्वतःच मोरीकडे निघाले. सगळं मार्गी लागल्यासारखं दिसत होतं. लवंगीला मात्र बुधवारची संध्याकाळ दिसत होती. बुधवारी साडेसातला हा भाग लागणार. रस्त्याच्या टोकाला अर्धं शटर, आत निळसर उजेड, काकू स्टुलावर. पडद्यावर एक मुलगी येते, आवाज खाली आणते, दार कोण उघडणार म्हणते. आत्याच्या हातात कागद होता, पुढचा शब्द समोर होता, आणि तो तोंडातून येत नाही हे तिला पडताळून बघता आलं. काकूंच्या हातात कागद नसणार. तिकीट खिडकीवरच्या बाईच्याही नसणार. पडद्यावरची धाकटी त्यांच्या वतीने "येते" म्हणून मोकळी होणार.

बेचाळीस मुली आठवल्या. जिराफ तर जन्मभर चिडवेल. न्यायाधीशाच्या झग्यानंतर अंगावर चढलेला हा दुसराच कपडा, आणि तो किती नेमका बसत होता.

"हात वर कर," आई म्हणाली.

लवंगीने हात वर केला नाही. "आई, टाचण्या काढ," ती म्हणाली. "बाबा, मी उद्या येत नाहीये. ते काम मी करणार नाही."

बाबाने लाल पेन खाली ठेवलं. आईच्या चिमटीत टाचणी तशीच राहिली. वाक्य आवडलं नाही का, बाबाने विचारलं. तसं असेल तर अजून वेळ आहे, आत्ता बदलून देतो, तू सांगशील तसं.

"नको, वाक्य छान आहे," लवंगी म्हणाली. "आणि मी ते फार छान म्हणते. म्हणूनच."